दोन खाड्यांच्या मधला रस्ता

सायकलप्रवास म्हटलं की आपल्याकडे लांब पल्ल्याच्याच गोष्टी निघतात. १९२३ मध्ये मुंबईचे काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. आजही दर हिवाळ्यात पुण्यामुंबईहून गोव्याकडे, कन्याकुमारीकडे गट निघतात. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या गोष्टी ऐकून चाळिशी-पन्नाशीत सायकल घेतलेला माणूस पहिल्याच सुट्टीत शंभर किलोमीटरचा बेत आखतो, दुसऱ्या दिवशी गुडघे धरून बसतो आणि पुढे सायकल गॅलरीत धूळ खात पडते. नवशिक्याने पहिली सफर छोटी करावी, आणि ती किनाऱ्याने करावी, असं माझं ठाम मत आहे. किती छोटी, हे कोकणच्या किनाऱ्यानेच ठरवून ठेवलं आहे.

सह्याद्रीतून निघालेल्या नद्या इथे थोड्या-थोड्या अंतराने समुद्राला मिळतात आणि त्यांच्या मुखाशी भरतीचं पाणी आत शिरून खाड्या होतात. मुंबईहून दक्षिणेकडे निघालं की आधी धरमतरची खाडी, मग रेवदंड्याशी कुंडलिका, त्यानंतर राजपुरीची खाडी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. त्यामुळे किनाऱ्याने सलग जाणारा रस्ता कोकणात कधी नव्हताच. माणसं एका बंदरातून दुसऱ्या बंदरात होडीने, पुढे आगबोटीने जात. अलीकडे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी सुरू झाल्या. लोक त्यांना जंगलजेट्टी म्हणतात. मोटारवाल्याला खाडी म्हणजे खोळंबा वाटतो. सायकलवाल्याला मात्र ती सांगते की आजचा पल्ला इथे संपला. दोन खाड्यांमधलं अंतर नवशिक्याने दोन-तीन दिवसांत निवांत कापावं.

पहिल्या सफरीला धरमतर ते कुंडलिका हा टापू घ्यावा. हे अष्टागर. इथे डोंगर मागे सरकलेले आहेत. कनकेश्वराची रांग सोबतीला असली तरी ती रस्त्यात येत नाही. समुद्र आणि डोंगर यांच्या मध्ये जुन्या वाळूच्या पट्ट्यांवर नारळी-पोफळीच्या वाड्या वसल्या आणि रस्ता त्या वाड्यांमधूनच जातो. चढ जवळजवळ नाही, सावली भरपूर. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो २०२० पासून सुरू आहे. तासाभरात सायकलीसकट पलीकडे उतरता येतं.

मांडव्याहून अलिबाग विसेक किलोमीटर. हे अंतर तासा-दीड तासात कापता येतं, पण तसं करू नये. सासवन्याला शिल्पकार विनायकराव करमरकरांचं घर आहे. पुण्यातला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडवणाऱ्या या माणसाची घरातली शिल्पं, साधी माणसं आणि जनावरं, जवळून पाहता येतात. पुढे किहीम. इथे १९३० मध्ये सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. एक नर एकामागून एक घरटी विणून वेगवेगळ्या माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी इथल्या निरीक्षणांतून मांडलं. थळला समुद्रात खांदेरी-उंदेरी दिसतात. अलिबागेत कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, ओहोटीला चालत जाता येईल असा कुलाबा किल्ला आहे, आणि १९०४ पासूनची चुंबकीय वेधशाळाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहामुळे तिथल्या कुलाबा वेधशाळेची मोजमापं बिघडणार, म्हणून ही वेधशाळा इथे आणली गेली.

दुसऱ्या दिवशी अलिबाग ते रेवदंडा, सतराएक किलोमीटर. अक्षीला केशीदेवरायाचा शिलालेख सापडला. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा मानणारे अभ्यासक त्याला मराठीच्या आद्य कोरीव लेखांत जागा देतात. मोटारीच्या वेगात अक्षी हे नावही वाचून होत नाही. मग नागाव आणि चौल. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला होता. त्याचं स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे. रस्ता पोर्तुगीज तटबंदीतून गावात शिरतो आणि पुढे कुंडलिकेचं पात्र लागतं. तिथेच मुक्काम. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून चाळीस किलोमीटर परत. तोवर अंग सायकलीला सरावलेलं असतं.

वाऱ्याचं गणित आधी समजून घ्यावं. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात, ते मंद असतात. ऊन चढलं की समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि दुपारनंतर वायव्येकडून जोर धरतात. म्हणून दक्षिणेकडे जाताना उशीर झाला तरी वारा पाठीशी असतो. उत्तरेकडे परतताना मात्र अकराच्या आत पोचलेलं बरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच बंद ठेवतात, त्यामागे या समुद्राचा अनुभव आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवस-अलिबागकडच्या कितीतरी घरांत ती तारीख विसरली गेलेली नाही.

सायकल साधी चालेल, पण सीटची उंची नीट हवी: पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ झाला पाहिजे. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. एक जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान आणि मागचा लाल दिवा बरोबर असावा. ओहोटीच्या घट्ट वाळूवर सायकल चालवायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरावा. खारं पाणी आणि बारीक वाळू चेनमध्ये गेली की गंज धरायला वेळ लागत नाही. मुक्कामावर पोचल्यावर गोड्या पाण्याने सायकल धुऊन, पुसून, चेनला तेल द्यावं. जेवण घरगुती खानावळीत, पण सकाळीच कळवून ठेवावं. ताटं मोजून स्वयंपाक करणाऱ्या बाईला ऐनवेळी चार माणसं जड जातात. आणि शनिवार-रविवार टाळावा. मुंबईच्या मोटारी या अरुंद रस्त्यावर त्या दोन दिवसांत सायकलीला जागा ठेवत नाहीत.

कुंडलिकेपलीकडे भूगोल बदलतो. साळावच्या पोलाद कारखान्याची जड वाहनं लागतात, मग कोर्लई, जिथे पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून घडलेली एक निराळी बोली आजही घराघरांत बोलली जाते. काशीदच्या आसपास डोंगर थेट समुद्रात उतरतात. प्रत्येक भूशिरावर चढ, प्रत्येक पुळणीला उतार. मुरूडपर्यंतचा हा टप्पा दुसऱ्या सफरीसाठी राखावा. गिअरची सायकल असली तरी चढावर उतरून चालण्यात कसलाही कमीपणा मानू नये.

रेवस ते रेडी सागरी महामार्गासाठी आता या खाड्यांवर मोठे पूल होऊ घातले आहेत. गावकऱ्यांना दवाखाना, बाजार, कॉलेज जवळ येणार असेल तर ते व्हायलाच हवेत. पण प्रत्येक पुलावर सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी कठड्याने वेगळी केलेली पट्टी नकाशातच असली पाहिजे. पूल उभा राहिल्यावर ती जोडता येत नाही. आणि फेरीबोटी बंद करू नयेत. त्यांवरून रोज जाणाऱ्या मासळीवाल्या बायकांना, शाळेच्या मुलांना आणि सायकलवाल्यांना दोन-तीन किलोमीटरच्या उघड्या, वाऱ्याच्या पुलापेक्षा धक्क्यावरची बोटच सोयीची आहे.