गेमचा कीबोर्ड घेताना

पेणला गणपतीच्या रंगकामाचे पैसे हाती आले, की मुलगा (हल्ली मुलगीसुद्धा!) गेमसाठी नवा कीबोर्ड मागतो. रोह्यातही तीच कथा. मैत्रिणींनो, रंगीत दिव्यांना भुलू नका. पैसे मोजायचे ते बटणांचे. साध्या कीबोर्डात बटणांखाली रबराचा थर असतो, मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्प्रिंगचा स्विच. बहुधा निळा स्विच टकटक वाजतो, लाल पुष्कळ शांत. दोन खोल्यांच्या घरात सासरे शेजारीच झोपलेले, तेव्हा लालच बरा! दुकानात चार-पाच अक्षरं एकदम दाबून पाहा. सगळी पडद्यावर उमटली नाहीत, तर ऐन खेळात तो दगा देणार. माऊस मात्र मुलाच्या हातात बसतो का ते बघूनच घ्यावा, म्हणून त्यालाही सोबत न्या.