चाकांवरचं घर घेताय? आधी पिकअपच्या दरवाजावरचा कागद वाचा

कोकणातली, पुण्यातली, सोलापूरकडची आपली बरीच मुलं आता अमेरिकेत संसार करतात. सुट्टीत अम्मी-अब्बूंना तिकडे बोलावतात, आणि मग बेत निघतो चाकांवरच्या घराचा. हॉटेलं शोधायला नकोत, हलाल जेवण आपल्या हाताने रांधता येतं, नमाजला जागा मिळते. बेत चांगलाच आहे. पण या खरेदीत एक हिशेब चुकला तर धोका संपूर्ण कुटुंबाच्या जिवाला असतो. म्हणून हा लेख.

या घरांपैकी सर्वांत प्रशस्त ओढता प्रकार म्हणजे ‘फिफ्थ व्हील’ कॅम्पर. नाव ऐकून गोंधळायला नको. न्हावा शेवा बंदराकडे कंटेनरचे ट्रेलर आपण पाहतो. त्यांचा मागचा सांगाडा पुढच्या गाडीच्या पाठीवर एका गोल तबकडीत अडकवलेला असतो. हीच जोडणी इथे पिकअपच्या हौद्यात बसवतात. पूर्वी घोडागाडीच्या पुढच्या आसावर आडवं फिरणारं चाक असायचं, त्यावरून हे नाव आलं.

साधा कॅम्पर पिकअपच्या मागच्या हुकाला लागतो. फिफ्थ व्हीलचा भार थेट मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे पडतो, त्यामुळे ते रस्त्यावर कमी डोलतं. पण याची किंमत मोजावी लागते. साध्या कॅम्परच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग पिकअपवर येतो, तर फिफ्थ व्हीलचा साधारण २० टक्के, कधी २५ टक्क्यांपर्यंत.

नेमकी फसगत इथे होते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘हा पिकअप इतके हजार पौंड ओढतो.’ ते ओढण्याचं बळ झालं. पाठीवर किती पेलतो, हा वेगळा प्रश्न आहे. बैल गाडी ओढतो, म्हणून तेवढंच ओझं त्याच्या पाठीवर लादत नाहीत. शिवाय ओढण्याचा तो आकडा ठरवताना गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची, दोनच माणसं धरलेली असतात. आपल्याकडे अम्मी, अब्बू, मुलं, डबे, पिशव्या!

म्हणून ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. चौकटीवर एक कागद चिकटवलेला असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जायचं नाही, ते त्यावर किलो आणि पौंड दोन्हींत लिहिलेलं असतं. हा आकडा त्या एकाच गाडीचा असतो. तेच मॉडेल डिझेल इंजिनाचं किंवा जास्त सोयींचं घेतलं, तर तो कमी होतो. खूप जड पिकअपवर हा कागद नसला, तर गाडी काट्यावर तोलून ते वजन कंपनीने ठरवलेल्या कमाल वजनातून वजा करायचं.

आता हिशेब करू. समजा, कॅम्परचं भरलेलं कमाल वजन ५,४०० किलो आहे. त्याचे २० टक्के म्हणजे १,०८०. घरातली पाच माणसं ३५० किलो, हौद्यातली जोडणी ७०, पिकअपमधलं सामान १००. एकूण १,६०० किलो.

एफ-१५० किंवा सिल्व्हराडो १५०० या वर्गातल्या पुष्कळ पिकअपची पेलण्याची ताकद ७०० ते ९०० किलोंच्या आसपास असते. म्हणजे ते बादच. २५०० वर्गातला डिझेल पिकअपही अनेकदा कमी पडतो. इथे ३५०० वर्गातलाच पाहावा लागेल. तोही कागद वाचूनच, आणि मागच्या आसाची व टायरची मर्यादा तपासून.

हिशेबात रिकाम्या कॅम्परचं वजन कधीच धरू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वुजू आणि इस्तिंजामुळे आपल्या घरात पाणी जास्तच लागतं. १९० लिटरची टाकी भरली की १९० किलो वाढले. सांडपाण्याच्या टाक्याही लवकर भरतात, म्हणून त्यांचं माप आधी विचारा.

आखूड हौद्याच्या पिकअपला अरुंद वळणावर कॅम्परचा कोपरा केबिनला लागू शकतो. त्यासाठी मागे सरकणारी जोडणी मिळते. आठ फुटी हौदा असेल तर ही चिंता बरीच कमी होते. कॅम्परचे ब्रेक केबिनमधून चालवणारा कंट्रोलर हवाच. परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात कमाल वजन १०,००० पौंडांच्या वर गेलं की साधा परवाना पुरत नाही.

जुना कॅम्पर पाहताना छपराच्या सांध्यांतून पाणी झिरपतं का, जमीन पायाखाली दबते का, हे पाहा. टायरवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी चांगली दिसली तरी टायर जुनाट असू शकतो.

राहिला पैशांचा प्रश्न. तिकडे कॅम्परसाठी दहा, पंधरा, अगदी वीस वर्षांचं व्याजी कर्ज सहज मिळतं. व्याजाचा मुद्दा आपल्याला टाळता येणार नाही, त्याबद्दल आलिमांना विचारावं. व्यवहाराच्या बाजूनेही कॅम्परची किंमत झपाट्याने उतरते आणि हप्ते मागे राहतात. आमचं मत विचाराल, तर आधी एखादा छोटा कॅम्पर आठवडाभर भाड्याने घ्यावा. हौस किती आणि गरज किती, ते तेवढ्यात कळतं.

क्रम लक्षात ठेवा: आधी कॅम्पर ठरवा, मग त्याला पेलणारा पिकअप. पिकअप घरात असेलच, तर त्याच्या कागदावरून उलटा हिशेब करून लहान कॅम्पर घ्या. पहिल्या सफरीआधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रकच्या थांब्यावरच्या काट्यावर तोलून घ्या. आधी उंट बांधायचा, मग तवक्कुल करायचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अल्लाह सर्वांची सफर सुखरूप करो.