परंड्याच्या कलावंतांनो, कागद जपा

धाराशिव जिल्हा तुळजाभवानीचा. त्यामुळे परंडा तालुक्यात संबळ-तुणतुणे कानावर पडत नाही असे गाव विरळाच. पण रात्रभर गोंधळ घालणाऱ्याला सुपारी मिळते, पावती नाही. सरकारी मानधनाचे घोडे नेमके इथेच अडते.

राज्याच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत 2024 पासून दरमहा सरसकट 5,000 रुपये मिळतात. वय 50 पूर्ण हवे (दिव्यांगांना सवलत), कलेची 15 वर्षे सेवा हवी, उत्पन्नाचा दाखलाही हवा. सेवेचा पुरावा म्हणून जत्रेचे हँडबिल, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातले कात्रण, तारखेसह फोटो असे सगळे एका फाइलीत आजपासूनच ठेवा. साठीला ते गोळा करताना फार दमछाक होते. चौकशी पंचायत समितीत करा.

मुलांसाठी केंद्राच्या ‘सीसीआरटी’ संस्थेची शिष्यवृत्ती आहे. ती 10 ते 14 वर्षांच्या मुलांना मिळते आणि परंपरागत कलावंतांच्या घरातल्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. गोंधळ्याच्या नातीने हा अर्ज भरलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहावीला श्रेणीनुसार वाढीव गुण मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जायला हवा.