नवरा तिशीत, निदान तेव्हा

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या डेव्हिड फिंच यांच्या लग्नाला पाच वर्षे झाली होती आणि संसार कुरकुरत होता. त्यांची पत्नी क्रिस्टन वाचा-उपचारतज्ज्ञ. ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर तिने काम केले होते. २००८ साली तिने नवऱ्याला समोर बसवून शंभराहून अधिक प्रश्न विचारले. ‘हो’ची उत्तरे वाढत गेली. पुढे डॉक्टरांनी ॲस्पर्जर सिंड्रोमचे, म्हणजे ऑटिझमच्याच एका रूपाचे, निदान केले. डेव्हिड यांना ते कळल्याने दिलासा मिळाला. २०१२ मध्ये यावर त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले.

क्रिस्टनचे मोठेपण असे, की तिने आरोप केला नाही, प्रश्न विचारले.

आपल्याकडे असा जोडीदार ‘तुसडा’ किंवा ‘हेकट’ ठरतो. ठरलेला क्रम मोडला की होणारी घालमेल, लग्नसमारंभातल्या गोंगाटाने येणारा थकवा, सूचक बोलणे न उमगणे, एकाच विषयात तासन्‌तास रमणे ही ऑटिझमची लक्षणे त्या वागण्यात दडलेली असू शकतात. बायकांमध्ये ती अधिकच लपतात, कारण अनेकजणी इतरांचे बघून वागणे बेमालूम उचलतात. अर्थात चारदोन लक्षणे म्हणजे ऑटिझम नव्हे. त्याची मुळे बालपणापासून असावी लागतात.

२०१३ पासून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ॲस्पर्जर वेगळा उरलेला नाही, तो ऑटिझमच्या वर्णपटातच मोडतो. ऑटिझमसाठीची केंब्रिजच्या संशोधकांची पन्नास प्रश्नांची चाचणीही फक्त चाळणी लावते, निदान करत नाही.

म्हणून भांडणाच्या भरात ‘ऑटिझम’ हा शब्द काढू नका. निवांत वेळी बोला, आणि जोडीदाराची तयारी असेल तरच प्रौढांच्या ऑटिझमचा अनुभव असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे दोघे मिळून जा.