दुधीची संध्याकाळ, शेवंतीची रात्र

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. ऊन कललं की पांढऱ्या पाकळ्या उघडतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत मलूल होतात. कुंडीत दुधी लावणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसतं. सकाळी गॅलरीत जावं तर इवलंसं फळ पिवळं पडून गळलेलं दिसतं, आणि खताची आणखी एक पुडी आणली जाते. बऱ्याचदा खतात काहीच उणं नसतं, त्या फुलापर्यंत पराग पोहोचलेलेच नसतात. शेतात हे काम रात्री फिरणारे पतंग आणि इतर कीटक करतात. सहाव्या मजल्यावर ते क्वचितच येतात.

मग ते काम आपणच करावं. नर फुलाला नुसता लांब, बारीक देठ असतो; मादी फुलाखाली चिमुकला दुधी आधीपासूनच असतो. तिन्हीसांजेला ताजं उमललेलं नर फूल खुडावं, पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधले पराग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवावेत. पराग नीट लागले असतील तर चार-पाच दिवसांत फळ धरल्याचं कळतं. सुरुवातीला नुसती नर फुलं आली तरी धीर सोडू नये, तशीच येतात. वेल चांगला वाढला की शेंडा खुडावा. बाजूला फांद्या फुटतात आणि मादी फुलं त्यांच्यावर जास्त धरतात. दोडकाही संध्याकाळचाच. काकडी, कारलं, लाल भोपळा मात्र सकाळचे. भोपळ्याचं फूल दुपारपर्यंत मिटतं, त्यामुळे त्याचं काम नऊच्या आत उरकावं.

घरच्या बागेबद्दल विचारलं जातं ते माती आणि खताबद्दल. तेही हवंच. कुंडीत पाणी साचू नये, मातीत निम्मा तरी कुजलेला पालापाचोळा आणि कंपोस्ट असावं, एवढं सांभाळलं की तो प्रश्न बराचसा सुटतो. त्यानंतरही झाड रुसलं, तर मी आधी वेळ तपासायला सांगेन.

पहिली वेळ उन्हाची. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून इथे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला एकदा आणि उत्तरेकडून परतताना जुलैच्या अखेरीस एकदा. मधल्या अडीच महिन्यांत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत तेव्हा थेट ऊन जवळजवळ येत नाही, आणि एरवी सावलीतल्या उत्तरेच्या गॅलरीत, ढग नसले तर, ते हजेरी लावतं. डिसेंबरात सगळं उलटतं. सूर्य दक्षिणेकडे खाली उतरतो आणि दक्षिणेच्या गॅलरीतून ऊन थेट दिवाणखान्यात येतं. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज सहा तास तरी ऊन लागतं. दक्षिणेची गॅलरी असेल तर टोमॅटोचं बी सप्टेंबरात टाकावं, महिन्याभराने रोप मोठ्या कुंडीत खोलवर लावावं. मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात. तीन-चार तासच ऊन असेल तर फळभाजीचा हट्ट सोडून मेथी, पालक, पुदिना लावावा. मेथीला स्वयंपाकघरातले दाणे चालतात, पुदिन्याला बाजारच्या जुडीतल्या चार काड्या पुरतात.

ऊन मोजणारे पुष्कळ भेटतात, अंधार मोजणारं कुणी भेटत नाही. शेवंतीला फुलायला लांब, सलग रात्र लागते. दिवस लहान होऊ लागले की ती कळ्या धरते. पण गॅलरीतला दिवा रात्री जळत असेल किंवा रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर पडत असेल, तर झाडाला रात्र लहानच वाटते आणि ते नुसतं पानांनी माजतं. पॉलिहाऊसमधले शेतकरी फुलं लांबवण्यासाठी रात्री मुद्दाम दिवे लावतात, ते याच कारणाने. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. ते जमत नसेल तर कळ्या दिसेपर्यंत रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठ तिच्यावर पुठ्ठ्याचं मोठं खोकं पालथं घाला.

मोगऱ्याची वेळ वेगळी. त्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून जुनी फांदी जपून ठेवण्यात अर्थ नाही. डिसेंबरात पाणी तोडावं, जानेवारीत छाटणी करून शेणखत घालावं आणि पाणी पुन्हा सुरू करावं. फुलून गेलेल्या फांद्यांचे शेंडे दर बहरानंतर खुडत राहावं. तुळशीचंही तसंच, मंजिऱ्या वेळेवर काढल्या की पानं येत राहतात.

कोथिंबीर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत पेरावी. धने हलकेच रगडून दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत. उगवायला आठ-दहा दिवस, कधी पंधराही लागतात, तोवर माती उकरून पाहू नये. एप्रिलच्या उन्हात तीच कोथिंबीर पानांआधी फुलायला धावते. अशी रोपं उपटू नका. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात, आणि मावा खाणाऱ्या अळ्या ज्यांच्या पोटी जन्मतात त्या फुलमाश्याही येतात.

मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसलाच तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून फवारावं, तेही ऊन उतरल्यावर. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

आणि दसऱ्याला दाराशी घरचाच झेंडू हवा असेल तर उलटं मोजा. बी पेरल्यापासून फुलायला साधारण दोन महिने लागतात, पावसाळी हवेचे आठ-दहा दिवस त्यावर धरा. अधिक महिना आला की दसरा पुढे सरकतो, त्या वर्षी पेरणीही तेवढीच पुढे न्या. गेल्या वर्षीच्या तोरणातली वाळलेली फुलं ठेवली असतील तर त्यातल्या काळ्या, सुईसारख्या बिया उगवतात. फूल संकरित वाणाचं असेल तर रंग-आकार मात्र बदलेल. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे एका फुलाच्या जागी पाच-सहा येतील.