मासेखाऊ बदकाचा खुराक



उसाचा विषय निघाला की ब्राझीलचे नाव येतेच. त्या देशात सर्वात जास्त ऊस साव पावलो राज्यात पिकतो. याच राज्यात इटातिबा येथील प्राणिसंग्रहालयात एक बदक सांभाळले आहे, ते दाण्यावर नाही, माशांवर जगते. ब्राझिलियन मरगॅन्सर हे त्याचे नाव. मोकळ्या रानात याचे प्रौढ पक्षी अडीचशेच्या आतच उरले आहेत. म्हणून २०११ साली घरट्यांतली अंडी आणून उबवली आणि २०१७ साली बंदिस्त जागेत पहिल्यांदा पिल्ले निघाली.

आपल्या ओळखीचे बदक चपट्या चोचीने चिखल चाळून दाणा, किडे खाते. मरगॅन्सरची चोच अरुंद, टोकाला आकडीसारखी वळलेली आणि कडेला करवतीसारखी दातेरी. बुळबुळीत मासा तीत सापडला की सुटत नाही. मासा डोक्याकडून गिळायचा, म्हणजे काटे घशात आडवे जात नाहीत.

मग कोंडलेल्या जागी याला घालायचे काय? नुसत्या मक्या-ज्वारीवर हे बदक जगत नाही. अशा बदकांना लहान मासे आणि माशांच्या भुकटीपासून केलेले तरंगते गोळीखाद्य देतात. पिल्लांना आधी वळवळणारे किडे व अळ्या, मग बारीक मासळी. खाद्य हलले की पिल्लू झडप घालते, पडून राहिलेल्याकडे बघतही नाही.

बर्फातल्या मासळीत एक मेख आहे, बरं का. काही माशांच्या अंगात जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारा घटक असतो, आणि साठवणीतही हे जीवनसत्त्व कमी होते. पोट भरलेले दिसते, पण पक्षी तोल जाऊन पडतो, मान वाकडी होते. म्हणून मासळीबरोबर ब-१ची गोळी देतात. उरलेले मासे लगेच काढतात, नाहीतर पाणी सडते. जनावरांच्या गव्हाणीची स्वच्छता आपण राखतो, तसेच हे.

एवढे सगळे हौदात जमते. मग नदीत हे बदक उपाशी का? कारण ते नजरेने शिकार करते. डोके पाण्यात घालून मासा हेरायचा आणि सूर मारायचा, ही त्याची रीत. पाणी गढूळ झाले की समोरचा मासाही दिसत नाही. धरणे, खाणी यांबरोबरच शेतातून वाहून येणारी माती हे त्याच्या ऱ्हासाचे मोठे कारण आहे. बदकाला गोळी देता येते, पण नदीला निवळ करण्याची गोळी नाही.

हे बदक आपल्या नद्यांत नाही. पण मृगाच्या पहिल्या पावसात आपले ओढे लाल होऊन वाहतात, ते कशामुळे? ती आपल्याच शेताची वरची, कसदार माती. तिच्याबरोबर आपण विकत घेतलेले खतही जाते. तेव्हा उताराला आडव्या सऱ्या काढा, बांध धरा, पाचट न जाळता सरीत पसरा आणि ओढ्याकाठची गवताची पट्टी नांगरू नका.

माती शेतात राहिली तर ऊस पोसतो. तीच नदीत गेली तर शेतकऱ्याचेही नुकसान आणि पाण्यातल्या जिवाचीही उपासमार.

— ऊस विकास अधिकारी