ऑनलाइन बुद्धिबळ : रेटिंग कसं वाढतं आणि कुठे गळतं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "कर्नलसाहेब, रोज खेळतो, तरी रेटिंग बाराशेच्या पुढे सरकत नाही." मीही तिथेच अडकलो होतो. म्हणून आज एका रात्रीपासून सुरुवात करतो.

निवृत्तीनंतर आम्ही सिकंदराबादला स्थायिक झालो. रात्री झोप येत नसे, मग मोबाईलवर तीन मिनिटांचे डाव. त्या रात्री पहिला डाव हरलो आणि गेलेले गुण परत आणायला बसलो. अकरा डाव हरलो. १२३८ वरून ११६० वर! सकाळी नातू पट घेऊन आला, "आजोबा, खेळू या?" मी त्याच्यावर खेकसलो. सात वर्षांचं पोर गुपचूप पट उचलून निघून गेलं. मला शरम वाटली ती रेटिंगची नव्हे.

आधी हा आकडा समजून घ्या. तो बक्षीस नाही, अंदाज आहे. मूळ पद्धत अर्पाद एलो यांची. फिडेनं ती १९७० मध्ये स्वीकारली. लिचेस आणि चेस डॉट कॉम तिचेच सुधारित प्रकार, ग्लिको आणि ग्लिको-२, वापरतात. समोरचा तुमच्यापेक्षा २०० गुणांनी वरचा असेल, तर चार डावांत तुम्हाला साधारण एक गुण मिळावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे कच्चे खेळाडू शोधून रेटिंग फुगत नाही, जिंकलात तरी चिमूटभरच मिळतं. आणि बरेच महिने खेळला नाहीत तर यंत्रणेला तुमची खात्री उरत नाही, पहिल्या काही डावांत आकडा जोरात वर-खाली होतो. घाबरू नका.

आता कामाचं. फौजेत प्रत्येक सरावानंतर डीब्रीफिंग व्हायचं. तेच इथे केलं. वहीत हरलेल्या पन्नास डावांची नोंद केली, आधी स्वतः कारण लिहायचं, मग इंजिनला विचारायचं. हिशेब असा निघाला : ३१ डावांत मोहरा फुकट दिला, ९ मध्ये वेळ संपला, ६ मध्ये एक-दोन चालींची मात दिसली नाही. समोरच्यानं खरोखर चांगलं खेळून हरवलं असे डाव चार! आणि मी सिसिलियन बचावाचे व्हिडिओ बघत होतो. शत्रू पुढच्या दारातून येतोय आणि आपण मागच्या भिंतीला चुना लावतोय.

म्हणून तीन मिनिटांचे डाव बंद. आता १५ मिनिटं, वर प्रत्येक चालीला १० सेकंद. प्रत्येक चालीआधी पाहायचं : तो मला शह देऊ शकतो का, काही मारू शकतो का, कशावर डोळा आहे? मग माझी चाल. सुरुवातीला कंटाळा येतो. दोन-तीन आठवड्यांत डोळा आपोआप फिरू लागतो.

सकाळी चहाबरोबर वीस मिनिटं कोडी. शेवटची चाल मनात दिसेपर्यंत मोहऱ्याला हात लावायचा नाही. अंदाजानं सोडवलेलं कोडं म्हणजे हवेत गोळी.

शेवटचा खेळ निदान राजा-प्याद्याचा तरी शिका. पांढरा राजा सहाव्या ओळीत, त्याचं प्यादं बरोबर मागे पाचव्या ओळीत आणि काळा राजा समोर आठव्या ओळीत असेल, तर चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. कडेच्या स्तंभातलं प्यादं मात्र अपवाद, तिथे बरोबरी. एवढं माहीत नसल्यानं मी जिंकलेले डाव बरोबरीत सोडले आहेत.

आणि माझा कडक नियम : लागोपाठ दोन हार, की फोन बंद. रात्री नऊनंतर खेळ नाही. हा नियम सौभाग्यवतींच्या देखरेखीखाली आहे, त्यामुळे मोडत नाही.

आठ महिन्यांत १४०० पार झालं. नातवाशी रविवारी लाकडी पटावर खेळतो. गेल्या रविवारी त्यानं घोड्यानं माझा राजा आणि वजीर एकदम धरले. वजीर गेला.